घाटावरचा पाऊस, खोऱ्यातला पूर

डिचोली आणि साखळी या उत्तर गोव्यातील दोन शहरांतून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी पावसाळ्यात किती चढेल, हे त्या शहरांत पडलेल्या पावसावरून क्वचितच सांगता येते. कारण बाजारपेठेपर्यंत पोहोचणारे पुराचे पाणी मुख्यतः सह्याद्रीच्या उतारांवर, सत्तरीच्या डोंगराळ गावांत, शेजारच्या महाराष्ट्रातील दोडामार्गच्या टेकड्यांवर आणि चोर्ला घाटाच्या माथ्यावर पडलेले असते. मोसमी पावसाचा जोर वाढतो त्या दिवशी पणजीचा किनारा, डिचोलीचा खाणपट्टा आणि घाटमाथा एकाच ढगांच्या थराखाली असूनही तिथल्या पावसाच्या मापांत इतके अंतर पडते, की संपूर्ण खोऱ्यासाठी काढलेला सरासरीचा एकच आकडा कोणत्याही गावाची खरी स्थिती सांगू शकत नाही. ही भिन्नता निव्वळ योगायोगाने येत नाही. वाऱ्याची दिशा व वेग, हवेतील बाष्प, डोंगराची उंची आणि त्याची ठेवण यांच्या संबंधातून ती निर्माण होते, आणि हा संबंध समजून घेतला तरच खोऱ्यातील पुराचे कारण कळते व त्याचा अंदाजही बांधता येतो.

खोऱ्याची ठेवण

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे २०३२ चौरस किलोमीटर असून त्यातील १५८० चौरस किलोमीटर गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात आहे. वाळवंटी, डिचोली, रगाडा, खांडेपार आणि म्हापसा या तिच्या उपनद्या असून त्यांपैकी वाळवंटी साखळीतून आणि डिचोली नदी त्याच नावाच्या शहरातून वाहत येऊन पुढे मांडवीच्या पाण्यात मिसळतात.

या खोऱ्याचे वैशिष्ट्य त्याच्या आखूडपणात आहे. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असताना त्याच्या पायथ्याचे केरी गाव आणि अंजुणे धरण सखल प्रदेशात येतात, आणि तिथून साखळी, डिचोलीपर्यंतचा प्रवास पाणी काही तासांत पूर्ण करते. गंगा किंवा गोदावरी यांच्यासारख्या लांब नद्यांत वरच्या भागातील पाऊस खाली पोहोचायला कित्येक दिवस लागतात व तेवढा वेळ सावध होण्यास मिळतो, तसा अवधी म्हादईच्या खोऱ्याला मिळत नाही. याच माथ्यावर कणकुंबी येथे मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते व तिचे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. त्यामुळे घाटमाथ्यावर काही किलोमीटरच्या अंतराने पडणाऱ्या सरींचे पाणी दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागते आणि पाऊस पाणी विभागणाऱ्या या माथ्याच्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडला, याला असाधारण महत्त्व येते.

हवा डोंगर चढते तेव्हा

जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे गोव्यात पोहोचतात. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याला वळसा घालून अरबी समुद्रावरून भारताकडे येणाऱ्या या प्रवाहाचा सर्वाधिक वेग जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर आढळतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. उबदार समुद्रावरील दीर्घ प्रवासात हा वारा मोठ्या प्रमाणावर बाष्प घेतो व जवळजवळ काटकोनात सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन धडकतो.

हवा किती बाष्प धरून ठेवू शकते, हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तर ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅमवर येते आणि उरलेल्या बाष्पाचे पाण्यात रूपांतर होते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेरच्या अंगाला पाणी सुटते ते याच कारणाने. डोंगराच्या बाबतीत हवा थंड होते ती मात्र थंड पृष्ठभागाचा स्पर्श होऊन नव्हे, तर वर चढल्यामुळे : उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने वर गेलेली हवा प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा तिच्या स्वतःच्या उष्णतेतून खर्च होते. बाष्पाने पूर्ण भरलेली, म्हणजेच संपृक्त, नसलेली हवा एक किलोमीटर चढताना सुमारे १० अंशांनी थंड होते. एकदा ती संपृक्त होऊन ढग तयार होऊ लागले, की बाष्पाचे पाणी होताना त्यातील अप्रकट उष्णता बाहेर पडते व थंड होण्याचा हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. बाहेर पडलेली ही उष्णता हवेला आणखी वर ढकलते, ढग अधिक उंच वाढतात आणि पावसाचा जोर वाढतो. डोंगराने अडवून वर चढवलेल्या हवेतून पडणाऱ्या या पावसाला भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत प्रतिरोध पर्जन्य म्हटले जाते.

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावरील हवा आधीच इतकी दमट असते, की तिला संपृक्त व्हायला काही शे मीटरची चढणही पुरते. त्यामुळे वाघेरीसारखे डोंगर आणि सत्तरीतील त्यांच्या रांगा दिवसचे दिवस ढगांत बुडालेल्या दिसतात, आणि पावसाला पोषक असलेली चढण सह्याद्रीच्या मुख्य भिंतीपूर्वीच, या पुढे आलेल्या डोंगरांपासूनच सुरू होते.

किनाऱ्यापासून माथ्यापलीकडे

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. गोव्याची वृत्तपत्रे पाऊस अजूनही इंचांत मोजतात आणि हंगामात पावसाने शंभरी गाठली, म्हणजे १०० इंच अथवा २५४० मिलीमीटरचा टप्पा ओलांडला, ही दरवर्षीची बातमी असते. परंतु ही शंभरी सर्वत्र एकाच दिवशी पूर्ण होत नाही. सांगे आणि सत्तरीतील वाळपई ही डोंगरांच्या कुशीतील केंद्रे साधारणपणे ती आधी गाठतात, तर किनाऱ्यावरील केंद्रे मागे राहतात. सह्याद्रीच्या याच रांगेवर उत्तरेकडे, सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या आंबोलीत वर्षाला ७००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथा ओलांडून पूर्वेस गेले, की चित्र झपाट्याने बदलते : बेळगावला वर्षाकाठी सुमारे १३०० मिलीमीटर आणि धारवाडला ८०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. माथ्यापलीकडे हवा खाली उतरू लागते, उतरताना दाबली जाऊन तापते, तिची बाष्प धरण्याची क्षमता पुन्हा वाढते आणि ढग विरू लागतात. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश होय.

हवा डोंगर चढली की पाऊस पडतो आणि उतरली की थांबतो, एवढ्या साध्या नियमाने मात्र प्रत्यक्षातील सर्व फरकांचा उलगडा होत नाही. डोंगरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर असलेल्या पणजीतही इतका मोठा पाऊस का पडतो, हा त्यातला पहिला प्रश्न. सह्याद्रीच्या भिंतीमुळे वाऱ्याचा वेग डोंगराच्या बराच अलीकडे मंदावतो, मागून येणारी हवा पुढच्या हवेवर चढू लागते आणि त्यामुळे ढगांची निर्मिती किनाऱ्यावर, कित्येकदा समुद्रावरच सुरू होते. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा जो पट्टा पावसाळ्यात वारंवार तयार होतो, तो सक्रिय झाला की किनारपट्टीवरील पावसाला आणखी बळ मिळते. अशा दिवसांत किनारा आणि घाट यांच्या मापांतील अंतर कमी होते, आणि क्वचित किनाऱ्यावरील केंद्र घाटाच्याही पुढे जाते.

दुसरा प्रश्न ठेंगण्या डोंगरांचा आहे. दोन-तीनशे मीटरच्या टेकडीवर उंच ढग तयार होण्याइतकी हवा चढत नाही, तरीही तिच्यावर सभोवतालच्या सपाटीपेक्षा अधिक पाऊस पडतो. स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ टोर बर्जेरॉन यांनी याचे स्पष्टीकरण दोन ढगांच्या सहकार्यातून दिले. वर, बऱ्याच उंचीवर विस्तीर्ण प्रदेशावर पसरलेला पावसाचा ढग असतो, आणि खाली टेकडीच्या डोक्यावर हवा चढल्यामुळे बनलेला सूक्ष्म थेंबांचा ढग असतो. खालच्या ढगातील थेंब इतके बारीक असतात, की ते आपणहून पाऊस म्हणून पडत नाहीत. परंतु वरून येणारा पावसाचा थेंब त्या ढगातून जाताना त्यांना स्वतःत सामावून घेत मोठा होतो. वरचा ढग जणू पेरतो आणि खालचा पोसतो. डिचोली आणि सत्तरीच्या मधल्या टेकड्यांवरचा पाऊस किनाऱ्यापेक्षा वाढतो, त्यात या प्रक्रियेचा वाटा असतो.

तिसरा प्रश्न माथ्याच्या पलीकडचा आहे. थेंब ढगात तयार होऊन जमिनीवर पोहोचण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात जोराचा वारा त्याला कित्येक किलोमीटर पुढे नेऊ शकतो. त्यामुळे वारा प्रबळ असेल तर पश्चिम उतारावर तयार झालेल्या पावसाचा काही भाग माथा ओलांडून कणकुंबी परिसरात पडतो, आणि वारा मंद असेल तर तोच पाऊस चोर्ल्याच्या पश्चिम उतारावर, म्हणजे वाळवंटीच्या पाणलोटात, रिता होतो. ज्या माथ्यावर दोन समुद्रांकडे जाणारी पाणलोट क्षेत्रे एकमेकांना भिडतात, तिथे वाऱ्याच्या वेगातील थोडा फरकही कोणत्या नदीला पाणी मिळेल हे बदलून टाकतो.

एका दिवसाचा पाऊस

हंगामाची सरासरी वर्षानुवर्षे बरीचशी एकाच साच्यात राहते. एका दिवसाचा नकाशा मात्र प्रत्येक वेळी नवा असतो. वारा सह्याद्रीला काटकोनात असेल तर घाटाचा वाटा वाढतो. तो वायव्येकडे वळून डोंगरांना समांतर वाहू लागला तर चढण घटते आणि घाटातील पाऊसही ओसरतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दऱ्या वाऱ्याला दोन्ही बाजूंनी आवळत आत नेतात, त्यामुळे दरीच्या टोकाशी हवा एकवटून अधिक जोराने वर चढते आणि शेजारच्या आडव्या डोंगरापेक्षा तिथे जास्त पाऊस होतो. शिवाय मोसमी पावसातही काही किलोमीटर रुंदीचे स्वतंत्र गडगडाटी ढग वाढत असतात, आणि ते एका गावावर तासभर रेंगाळले तर शेजारचे गाव जवळपास कोरडे राहू शकते. २ ऑक्टोबर २००९ रोजी दक्षिण गोव्यातील काणकोणच्या डोंगरांवर काही तासांत झालेल्या अतिवृष्टीने तिथल्या गावांत अचानक पूर आला, घरे आणि बागायती उद्ध्वस्त झाल्या. गोव्यासारख्या लहान राज्यातही पाऊस किती एकवटू शकतो, याचा तो कठोर धडा होता.

हवामान खाते पावसाचे माप सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत घेते. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलीमीटर म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढचा पाऊस म्हणजे अत्यंत जोरदार, असे त्याचे वर्गीकरण आहे. गोव्यात पणजी, म्हापसा, पेडणे, साखळी, वाळपई, फोंडा, सांगे अशी मोजकी पर्जन्यमापन केंद्रे दीर्घकाळ नोंदी घेत आली आहेत. ही केंद्रे बहुतेक शहरांत व सखल भागांत आहेत, आणि जिथे सर्वाधिक पाऊस पडतो ते उंच, निर्मनुष्य उतार नोंदीबाहेर राहण्याचा धोका यातून निर्माण होतो. डॉप्लर रडार पावसाच्या थेंबांवरून परत येणाऱ्या लहरींच्या साहाय्याने ढगांचा विस्तार व वेग टिपते, परंतु डोंगर तिच्या लहरी अडवतात, आणि त्यामागील दरीत खालच्या थरातील पाऊस तिला नीट दिसत नाही.

झेलमच्या खोऱ्यातील बर्फ

पश्चिमेकडून आलेली दमट हवा, आडवी डोंगररांग आणि खाली नदीचे खोरे ही रचना हिवाळ्यात काश्मीरमध्येही आढळते. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, डिसेंबर ते मार्चदरम्यान हिमालयाला धडकतात आणि पीर पंजालच्या उतारावर हवा चढून भरपूर हिमवृष्टी होते. तिथे आणखी एक सीमारेषा भर घालते : ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असते तिच्या वर बर्फ पडतो आणि खाली बर्फ वितळून पाऊस होतो. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आणि श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर असल्याने दोहोंच्या तापमानात पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो, आणि एकाच विक्षोभात गुलमर्गला कित्येक फूट बर्फ साचत असताना श्रीनगरला पाऊस किंवा पाणीमिश्रित हिम मिळते. एक मिलीमीटर पाण्याचा साधारण एक सेंटीमीटर बर्फ होतो. अतिथंड हवेतील भुसभुशीत बर्फाचा थर याहून जाड, तर ओल्या बर्फाचा पातळ असतो. त्यामुळे सारखेच पाणी पडूनही दोन गावांतील बर्फाची उंची वेगळी भरते.

जुलै महिन्यात गोव्यावर शून्य अंशाची ही रेषा सुमारे पाच ते साडेपाच किलोमीटर उंचीवर असते आणि सह्याद्री तिच्या पुष्कळ खाली राहतो. उंच वाढलेल्या ढगांच्या माथ्यावर हिमकण तयार होतात, पण पडता पडता वितळून ते थेंब बनतात; घाटावरचा बराच पाऊस तर या रेषेपर्यंत न पोहोचणाऱ्या उबदार ढगांतून, थेंबावर थेंब आदळून मोठा होत, पडतो. डिचोलीच्या दृष्टीने खरा फरक पाणी साठण्याचा आहे. काश्मीरचा हिवाळी बर्फ डोंगरावर महिनोन्‌महिने थांबतो आणि वसंतात हळूहळू झेलममध्ये उतरतो, तर घाटावरचा पाऊस पडल्या क्षणापासून वाट काढू लागतो. काश्मीरवर पाऊस बर्फाच्या नव्हे तर पाण्याच्या रूपात पडला, तेव्हा काय झाले ते सप्टेंबर २०१४ मध्ये दिसले : दक्षिण काश्मीरच्या डोंगरांवर अनेक दिवस कोसळलेल्या पावसाचे पाणी झेलममधून खाली येऊन श्रीनगरचा मोठा भाग बुडाला.

पावसाचा पूर कसा होतो

एक चौरस किलोमीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. मांडवीच्या संपूर्ण खोऱ्यावर एका दिवसात सरासरी १०० मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारे २० कोटी घनमीटर, म्हणजे सात टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) अधिक पाणी जमा होते. तुलना करायची, तर तिन्ही राज्यांतील पाणीवाटपाचा वाद ऐकणाऱ्या म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेला वाटा १३.४२ टीएमसी आहे. असे दोन दिवस लागोपाठ आले, तर तेवढे पाणी त्या दोन दिवसांतच खोऱ्यावर पडते. आता खोऱ्याचे डोंगर, मध्यभाग व किनारा असे तीन समान भाग कल्पून त्यांवर अनुक्रमे २००, १२० व ५० मिलीमीटर पाऊस पडला असे मानले, तर सरासरी १२३ मिलीमीटर येते आणि निम्म्याहून अधिक पाणी एकट्या डोंगराकडून येते. किनाऱ्यावरील मापकावर विसंबणाऱ्याला मात्र ५० मिलीमीटरचा, वर्गीकरणातील जोरदार पावसाच्याही खालचा, निर्धास्त करणारा आकडा दिसतो.

या पाण्यापैकी किती नदीत येते, हे जमिनीच्या अवस्थेवर ठरते. जांभ्या दगडाचे सडे आणि घनदाट वने जूनमध्ये बरेच पाणी मुरवून घेतात. जुलैच्या मध्यापर्यंत माती तुडुंब भरली, की त्यानंतरचा पाऊस जवळजवळ सगळाच ओहोळांवाटे वाहून येतो. म्हणूनच जूनमधला १५० मिलीमीटरचा दिवस निभावून जातो आणि जुलैअखेरचा तेवढाच पाऊस पूर आणतो. डिचोली तालुक्यात अनेक दशके चाललेल्या उघड्या लोहखाणींनी माती सुटी केली आणि तिचा गाळ नद्यांच्या पात्रात साचत गेला. २०१२ मध्ये खाणकाम थांबल्यानंतरही साचलेला गाळ आपोआप नाहीसा झाला नाही, आणि पात्र उथळ असेल तर तेवढेच पाणी काठावर लवकर चढते.

यात समुद्राचाही हात असतो. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुखाशी भरती-ओहोटीतील अंतर दोन मीटरहून अधिक होते. घाटावरून आलेला लोंढा ओहोटीच्या वेळी खाली पोहोचला तर तो समुद्रात सरकतो. भरतीच्या वेळी पोहोचला तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते डिचोली, साखळीच्या सखल भागांत फुगत राहते. पूर्वजांनी बांध घालून आणि मानशींची, म्हणजे पाणी नियंत्रित करणारी, दारे बसवून राखलेली खाजन जमीन भरतीचे पाणी अडवते व पुराला पसरायला जागा देते. ती बुजवली गेली, की पाणी वस्तीची वाट धरते.

२३ जुलै २०२१ रोजी हे सर्व घटक एकत्र आले. आदल्याच दिवशी चिपळूण बुडवणारा मोसमी पावसाचा तोच जोर सह्याद्रीच्या सबंध रांगेवर होता. सत्तरी, डिचोलीसह गोव्याच्या अनेक भागांत नद्या पात्राबाहेर आल्या, सुमारे हजार घरांचे नुकसान झाले आणि १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये दोडामार्ग परिसरातील अतिवृष्टीनंतर तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्याने शापोरा नदी फुगली आणि डिचोली तालुक्यातील साळ तसेच पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे या गावांत पाणी शिरले. या गावांना बुडवणारे पाणी राज्याच्या सीमेपलीकडच्या पाणलोटात जमा झालेले होते.

पूर येण्याआधीचे तास

या भिन्नतेतून डिचोलीसाठी निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. साखळीत नदीकाठी भिंती बांधल्या गेल्या आहेत, पाणी उपसणारे पंप बसवले गेले आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु भिंत आणि पंप पाणी आल्यानंतर कामाला येतात, तर येणाऱ्या पाण्याची खबर घाटावर काही तास आधीच तयार झालेली असते. चोर्ला, सुर्ला, कणकुंबी आणि दोडामार्गच्या उतारांवर दर पंधरा मिनिटांनी माप पाठवणारी स्वयंचलित पर्जन्यमापके, वाळवंटी व डिचोली नद्यांच्या वरच्या पात्रात पाणीपातळी मोजणारी यंत्रे आणि त्या आकड्यांना भरतीच्या वेळापत्रकाची जोड, एवढ्या सामग्रीवर चार-पाच तास आधी विश्वासार्ह इशारा देणे शक्य आहे. खोरे तीन राज्यांत विभागलेले असल्याने हे आकडे तिन्ही राज्यांनी एकमेकांना त्याच क्षणी उपलब्ध करून दिले पाहिजेत. पाण्याच्या वाटपावर मतभेद असले तरी पावसाच्या मापावर मतभेद असण्याचे कारण नाही. जिल्ह्याला दिलेला रंगीत इशारा संपूर्ण उत्तर गोव्यासाठी एकच असतो, मात्र नदीकाठच्या दुकानदाराला माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही, आणि साळच्या शेतकऱ्याला गुरे सोडायची की नाही, हे ठरवण्यासाठी त्याच्या नदीच्या उगमाकडचा आकडा लागतो. तो आकडा वेळेवर त्याच्या हाती देणे, हे खोऱ्याच्या पर्जन्यशास्त्राचे सर्वांत उपयुक्त काम आहे.